स्विमिंग पूलमध्ये पोहून केस हिरवट का होतात? खरा गुन्हेगार क्लोरीन नाही!

उन्हाळ्याची सुट्टी लागली की महापालिकेचे तलाव, क्लब आणि सोसायट्यांचे स्विमिंग पूल भरून जातात. पहिल्या आठवड्यात सगळे खूश असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तक्रारी सुरू होतात. कुणाचे केस झाडूसारखे राठ झालेले असतात, कुणाचे काळेभोर केस टोकांना भुरे पडलेले असतात. आणि ज्यांनी नुकतेच पार्लरमध्ये हजारो रुपये मोजून सोनेरी हायलाइट्स करून घेतलेत, त्यांना आरशात भलतंच काहीतरी दिसतं : केसांवर चक्क हिरवट झाक!

मग सगळे मिळून खापर फोडतात ते क्लोरीनवर. घराघरांत ठरलेला उपायही तयार असतो : "केस खराब होतायत ना, मग पोहणं बंद कर." हे वाक्य मुलांपेक्षा मुलींनाच जास्त ऐकावं लागतं, हेही आपल्याला माहीत आहे.

पण केस हिरवे होण्यामागचं मुख्य कारण क्लोरीन नसून तांबं आहे. हो, तेच तांबं, ज्याचा लोटा आपल्या देवघरात असतो. हे एकदा लक्षात आलं की उपायही सोपे होतात आणि पोहणं सोडायची गरजही उरत नाही.

क्लोरीनवर संशय का येतो?

संशयाला कारण आहे. शुद्ध क्लोरीन वायू पिवळसर हिरव्या रंगाचाच असतो. कार्ल शील या शास्त्रज्ञाने १७७४ मध्ये हा वायू तयार केला आणि १८१० मध्ये हंफ्री डेव्ही यांनी त्याला नाव दिलं, तेही फिकट हिरव्या रंगासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. त्यात तलावावर गेलं की पहिल्यांदा नाकाला जाणवतो तो वास आपण क्लोरीनचाच समजतो. त्यामुळे 'हिरवा वायू, म्हणून हिरवे केस' हे गणित पटकन पटतं.

पण पाण्यात मिसळल्यावर क्लोरीनचा तो रंग राहत नाही. तलावात त्याचं प्रमाण असतं साधारण १ ते ३ पीपीएम, म्हणजे एका लिटरमध्ये फक्त १ ते ३ मिलिग्रॅम. एवढ्याशा क्लोरीनने केस रंगत नाहीत. क्लोरीनमुळे केसांचं नुकसान होतं हे खरं, पण ते वेगळ्या प्रकारचं. त्याकडे पुढे येऊच.

तलावात पाय न ठेवताही हिरवे झालेले केस

तांब्याचा हात किती मोठा आहे हे दाखवणारा एक गाजलेला किस्सा आहे स्वीडनमधला. तिथल्या अँडर्सलव नावाच्या गावात काही घरांमधल्या सोनेरी केसांच्या लोकांचे केस हिरवे व्हायला लागले. स्विमिंग पूलचा काही संबंधच नव्हता. लोक आपापल्या घरच्या न्हाणीघरात अंघोळ करत होते, इतकंच!

योहान पेटरसन यांनी या कोड्याचा छडा लावला. ही घरं नवी होती आणि त्यातले पाण्याचे पाइप तांब्याचे होते. गरम पाणी रात्रभर पाइपमध्ये थांबून राहिलं की त्यात तांबं उतरायचं आणि सकाळी त्याच पाण्याने डोकं धुतलं की ते केसांवर बसायचं. या शोधासाठी पेटरसन यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं 'इग नोबेल' मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार दिला जातो.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरातही हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. आंबट पदार्थात धातूतलं तांबं उतरतं आणि पदार्थ हिरवट, विषारी होतो. म्हणून तर पूर्वी कल्हईवाल्याची वाट पाहिली जायची. तांब्याचा घंगाळ दमट हवेत पडून राहिला की त्यावर येणारा हिरवट थर, तोही याच कुळातला.

तलावाच्या पाण्यात तांबं येतं कुठून?

मुख्य वाटा दोन आहेत.

पहिली वाट म्हणजे मोरचूद. शेतकरी वाचकांना हे नाव सांगायला नको. चुन्यात मोरचूद मिसळून केलेलं बोर्डो मिश्रण द्राक्षबागांवर फवारतात ते बुरशी रोखण्यासाठी. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते शेवाळही मारतं आणि स्वस्तही असतं, म्हणून अनेक तलावांमध्ये शेवाळ वाढू नये यासाठी ते टाकलं जातं. शेवाळनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही तयार द्रावणांमध्येही तांबं असतं. काही ठिकाणी विजेच्या साहाय्याने पाण्यात तांब्याचे कण सोडणारी यंत्रं बसवलेली असतात, त्यांचाही परिणाम तोच.

दुसरी वाट म्हणजे तलावाची यंत्रणा. पाणी गरम करणाऱ्या हीटरमध्ये तांब्याच्या नळ्या असतात. पाण्याचा पीएच ७ च्या खाली गेला, म्हणजे पाणी आम्लधर्मी झालं, की ते या नळ्या हळूहळू खायला लागतं. पितळेच्या पातेल्यातल्या ताकासारखंच हे! क्लोरीनसाठी वापरल्या जाणाऱ्या 'ट्रायक्लोर' गोळ्यांनी पाण्याचा पीएच खाली येतो. म्हणून गोळ्या टाकल्या आणि पीएच तपासलाच नाही, असं होत राहिलं की तांब्याचं प्रमाण वाढू शकतं.

आता विहिरीत किंवा नदीत पोहणाऱ्यांचे केस हिरवे का होत नाहीत, हेही समजेल. तिथे ना मोरचूद टाकलेलं असतं, ना तांब्याच्या नळ्या असतात.

केस तांबं धरून का ठेवतात?

केसाचा बाहेरचा थर कौलारू छपरासारखा असतो. एकावर एक रचलेल्या सूक्ष्म कौलांसारखे खवले आतल्या भागाचं रक्षण करतात. कौलं घट्ट बसलेली असतील तर आत फारसं काही शिरत नाही. ती उचकटली की गळती सुरू!

ही कौलं उचकटवतात कोण? ब्लीच, केसांचा रंग, स्ट्रेटनिंग-स्मूदनिंग, रोजचा हेअर ड्रायर, कडक ऊन आणि क्लोरीन. क्लोरीन केसांवरचं नैसर्गिक तेल काढून टाकतं आणि केस ज्या केराटिन प्रथिनाचा बनलेला असतो, त्यातले गंधकाचे बंध तोडतं. ब्लीचही हेच करतं, फक्त कितीतरी जोरात. हे बंध तुटले की त्या जागी ऋणभार असलेले गट तयार होतात. तांब्याचे कण धनभारित असतात. पुढे काय होतं ते शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे : विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. तांबं केसात जाऊन चिकटून बसतं आणि साध्या पाण्याने निघत नाही. रोजच्या पोहण्याने थोडं थोडं साठत जातं आणि एक दिवस आरशात हिरवी झाक दिसते.

म्हणजे या गुन्ह्यात मुख्य आरोपी तांबं आणि दार उघडून देणारा साथीदार क्लोरीन.

पण आपले केस तर काळे आहेत...

बरोबर. हिरवी झाक दिसते ती फिकट केसांवर. काळ्या फळ्यावर हिरवा खडू अगदी पुसट ओढला तर दिसणार नाही, पण पांढऱ्या भिंतीवर लगेच दिसेल, तसंच हे. त्यामुळे आपल्याकडे हा त्रास प्रामुख्याने तिघांना होतो.

- ब्लीच करून हायलाइट्स किंवा पूर्ण केसांना फिकट रंग दिलेले. यांच्या केसांची कौलंही उचकटलेली आणि रंगही फिकट, म्हणजे दुहेरी अडचण.
- पांढरे केस असलेले, म्हणजे सकाळच्या बॅचला नेमाने येणारे आजी-आजोबा.
- केस मुळातच फिकट तपकिरी असलेली मंडळी.

मग काळ्या केसांचं काय होतं? तांबं त्यातही शिरतं, पण दिसत नाही. दिसतो तो दुसराच बदल. केसांना काळेपणा देणारं मेलॅनिन क्लोरीन आणि ऊन मिळून फिकट करतात. त्यामुळे दुपारच्या उन्हात उघड्या तलावात पोहणाऱ्या मुलांचे केस महिन्याभरात टोकांकडून तांबूस-भुरे दिसायला लागतात. शरीरात काही कमी पडलंय असं समजून लगेच टॉनिक सुरू करायचं कारण नाही. टोकांचे केस सगळ्यात जुने असतात, त्यांनी ऊन-पाणी सगळ्यात जास्त सोसलेलं असतं, म्हणून बदल आधी तिथे दिसतो.

पाण्यात उतरण्याआधी काय करावं?

१. केस आधी साध्या पाण्याने चिंब भिजवा. सगळ्यात सोपा, फुकटचा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित उपाय. केस आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी शोषतो. कोरडा केस म्हणजे कोरडा स्पंज. तो तलावात बुडवला तर क्लोरीन आणि तांबं असलेलं पाणी पिऊन घेणार. आधीच नळाच्या पाण्याने भरलेला असेल तर त्याला तहानच उरत नाही. तलावात उतरण्यापूर्वी शॉवर घ्या, असा फलक लावलेला असतो, त्याने आपले केसही वाचतात.

२. थोडं खोबरेल तेल. आजीचा हा सल्ला प्रयोगशाळेतही टिकला आहे. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रचनेचं असल्यामुळे केसाच्या आत शिरू शकतं. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली, तेव्हा केसांतल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेल तेलाने लक्षणीय कमी झाली. हे संशोधन खोबरेल तेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतलं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

मात्र तेल चोपडून थेट तलावात उतरू नका. तेलाचा तवंग पाण्यावर येतो, फिल्टरवर ताण पडतो आणि बऱ्याच तलावांवर त्याला बंदीच असते. तळहातावर चार-पाच थेंब घ्या, ते फक्त केसांच्या लांबीला आणि टोकांना लावा, आणि वरून टोपी घाला. तेल चालत नसेल तर ओल्या केसांना थोडा कंडिशनर लावून टोपी घातली तरी चालेल.

३. टोपी, आणि तीही योग्य. कापडी म्हणजे लायक्राची टोपी केस एकत्र ठेवते, पण पाणी आत येऊ देते. केस वाचवायचे असतील तर सिलिकॉनची टोपी घ्या. तीही शंभर टक्के पाणी अडवत नाही, पण केसांमधून सतत नवं पाणी खेळत राहणं थांबतं. लांब केसांची सैल वेणी घालून मानेजवळ अंबाडा बांधा आणि टोपी कानांपर्यंत ओढा. लांब केसांसाठी मोठ्या आकाराच्या टोप्या मिळतात. टोपी लहान पडते म्हणून केस कापण्याआधी त्या एकदा पाहा.

४. पार्लरचं वेळापत्रक जुळवा. पोहण्याचा महिना सुरू होणार असेल तर ब्लीच, रंग किंवा स्मूदनिंग त्याच्या तोंडावर करू नका. नुकतीच रसायनं सोसलेले केस तांबं आणि क्लोरीन दोन्ही जास्त शोषतात. शक्य असेल तर हे काम पोहण्याचा हंगाम संपल्यावर करा.

बाहेर आल्यावर काय करावं?

बाहेर आल्या आल्या केस धुवा. "घरी जाऊन निवांत धुऊ" म्हणत ओल्या केसांनी उन्हात गप्पा मारत बसलात, तर पाणी उडून जातं आणि त्यातलं बाकी सगळं केसांवर राहतं. दोन-तीन मिनिटं साध्या पाण्याची धार डोक्यावर धरली तरी बराच फरक पडतो.

रोज पोहणाऱ्यांनी रोज कडक शाम्पू वापरायची गरज नाही. रोज साधं पाणी, एक दिवसाआड सौम्य शाम्पू आणि नंतर कंडिशनर पुरेसा आहे. आठवड्यातून एकदा पोहणाऱ्यांसाठीचा खास शाम्पू वापरता येईल. बाटलीवर 'स्विमर्स' लिहिलंय की नाही यापेक्षा मागची घटकांची यादी वाचा. त्यात ईडीटीए किंवा फायटिक आम्ल वरच्या भागात असेल तर तो कामाचा. हे पदार्थ धातूच्या कणाला चिमट्यात धरल्यासारखं पकडतात आणि पाण्याबरोबर बाहेर नेतात. साध्या शाम्पूतही ईडीटीए असतं, पण बहुधा अगदी थोडं आणि तेही शाम्पू टिकावा म्हणून.

केस हिरवे झालेच तर?

पहिली गोष्ट, घाबरून पुन्हा ब्लीच करू नका. त्याने कौलं आणखी उचकटतात आणि पुढच्या वेळी केस दुप्पट उत्साहाने तांबं गोळा करतात. वरून गडद रंग लावला तर हिरवा झाकला जाईल, पण तांबं आतच राहील. आधी तांबं काढा, मग रंगाचा विचार करा.

ते काढायचं कसं? काळवंडलेला तांब्याचा लोटा आपण कशाने घासतो ते आठवा. चिंच, लिंबू, कोकम! त्यांतली आम्लं तांब्यावरचा थर विरघळवतात आणि तांब्याचे कण धरून ठेवतात. केसांसाठीही तत्त्व तेच, फक्त हात हलका हवा. वाटीभर पाण्यात एक-दोन चमचे लिंबाचा रस घालून ते पाणी ओल्या केसांना लावा, पाच मिनिटांनी धुऊन टाका, आणि मग ईडीटीएवाला शाम्पू व कंडिशनर लावा. एका फटक्यात सगळं जाणार नाही. आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा करावं लागेल. डोळ्यांत जाऊ देऊ नका, टाळूवर जखम असेल तर लावू नका, आणि लिंबू लावून उन्हात बसू नका. त्याने केस आणखी कोरडे आणि फिकट होतात.

परदेशी व्हिडिओंमध्ये टोमॅटो केचप लावायचा सल्ला दिसतो. त्यातही टोमॅटोचं आणि व्हिनेगरचं आम्लच काम करतं. पण त्यात साखरही असते, त्यामुळे चिकटपणाची हौस नसेल तर लिंबू-पाणी बरं. एवढं करूनही झाक गेली नाही तर चांगल्या पार्लरमध्ये धातू काढण्याची ट्रीटमेंट मिळते. तिथे जाताना "पोहून हिरवे झालेत" हे आधी सांगा.

तलावावर विचारायचे तीन प्रश्न

एकट्या तुमचे केस हिरवे झाले तर कारण तुमच्या केसांत असू शकतं. पण बॅचमधल्या तीन-चार जणांची तीच तक्रार असेल तर पाण्याकडे पाहायला हवं. व्यवस्थापकांना शांतपणे एवढंच विचारा :

- आजचा पीएच किती? तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा.
- पाण्यातलं मुक्त क्लोरीन किती? ते किमान १ पीपीएम हवं.
- शेवाळासाठी मोरचूद किंवा तांबं असलेलं औषध वापरता का, आणि पाण्यातलं तांबं कधी तपासलं होतं?

पहिल्या दोन तपासण्या साध्या किटने काही मिनिटांत होतात. चांगल्या तलावांवर हे आकडे रोज फलकावर लिहिलेले असतात. नसतील तर लिहायला सांगा. हा प्रश्न केसांपुरता नाही. पीएच बिघडलेल्या पाण्यात डोळे चुरचुरतात आणि पीएच फार वर गेला तर क्लोरीनची जंतू मारायची ताकदही कमी होते.

जाता जाता तीन गैरसमज

'उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन.' बहुतेक वेळा उलटच असतं. तो वास क्लोरामाइन्सचा असतो. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की ती तयार होतात. म्हणून पाण्यात उतरण्याआधी अंघोळ करायची आणि लहान मुलांना आधी बाथरूमला नेऊन आणायचं.

'पाणी हिरवं, म्हणजे केस हिरवे होणार.' पाण्याचा हिरवेपणा बहुधा शेवाळाचा असतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा तलाव रातोरात हिरवा झाला होता. तिथे चुकून हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं गेलं, त्याने क्लोरीन निष्प्रभ केलं आणि शेवाळाला मोकळं रान मिळालं. शेवाळाने केस रंगत नाहीत, पण असं पाणी दिसलं तर त्यात उतरू नका. उलट तांबं असलेलं पाणी काचेसारखं नितळही दिसू शकतं.

'पोहून टक्कल पडतं.' तलावाचं पाणी त्वचेबाहेरच्या केसावर परिणाम करतं. केस कोरडा होतो, मधूनच तुटतो. तो जिथून उगवतो ते मूळ त्वचेच्या आत सुरक्षित असतं. कंगव्यात मुळासकट केसांचे पुंजके येत असतील तर कारण दुसरं आहे, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि शेवटी हिशेब मांडून पाहा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. भुरी झालेली टोकं दोन-चार महिन्यांत कापून टाकता येतात आणि खालून येणारा केस पूर्वीसारखाच असतो. पोहायला येणं मात्र आयुष्यभर पुरतं आणि एखाद्या दिवशी जीवही वाचवतं. त्यामुळे घरातल्या मुलीला "केस खराब होतील" म्हणून काठावर बसवण्यापेक्षा तिच्या पिशवीत एक सिलिकॉनची टोपी ठेवा, आणि पाण्यात उतरण्याआधी केस भिजवायला सांगा.